अर्धा घासलेला तांब्या

फोन आला तेव्हा दुपार होती. सकाळची गर्दी ओसरली होती आणि मी काचपट्ट्या धूत होते. शहापुरात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये मी काम करते. दुपारी फोन वाजला की बहुधा कुणाचा तरी रिपोर्ट हवा असतो, म्हणून ओल्या हातानंच उचलला. पलीकडे मामा होते, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला माणूस, बोलायला लागला की मागच्या सीटपर्यंत ऐकू जावं असा आवाज. त्या दिवशी तो आवाज इतका बारीक झाला होता की आधी मला ओळखूच आला नाही. "वैशे, तुझी आत्या जेवून पडली ती उठलीच नाय गो..." माणसाला अशा वेळी काय सुचेल सांगता येत नाही. मी विचारलं, "जेवायला काय केलं होतं?" मामा म्हणाले, "वालाचं बिरडं. पोटभर जेवली. वर गुळाचा खडा मागितला, तो मी नाय दिला." आणि त्या गुळाच्या खड्यावरून मामा जे रडायला लागले, ते मुरबाडला पोचून मी त्यांच्या शेजारी बसेपर्यंत थांबले नव्हते.

कुसुमआत्या ही माझ्या वडलांची धाकटी बहीण. आटगावजवळच्या आमच्या वस्तीतली पहिली बी.एस्सी. झालेली बाई. मुरबाडच्या एका हायस्कुलात तिनं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घराच्या ओटीवर शिकवलं, तेही कुणी विचारलं नसताना. भाजीवाली लोखंडी सुरीनं वांगं कापून ठेवताना दिसली की ही थांबणार, ते काळं का पडतं ते सांगणार, आणि भाजीवाली म्हणणार, "बाई, तुमी घेता का नुसतं बोलता?" मग ही ते काळं पडलेलंच घेऊन येणार. मामा म्हणायचे, बायकोच्या विज्ञानापायी मी आयुष्यभर शिळी वांगी खाल्ली. चेहऱ्यावर मात्र कौतुक मावत नसायचं.

मी जी काही आज आहे ती आत्यामुळे, असं स्मृतिलेखात लिहायची पद्धत आहे. मला ती पद्धत फारशी आवडत नाही. आत्यालाही आवडली नसती. "तुझं तू केलंस, मी नुसतं ढवळलं," असं ती म्हणाली असती. पण काय ढवळलं ते सांगायलाच हवं.

बारावी सायन्सला मी केमिस्ट्रीत नापास झाले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दहावीपर्यंत आम्ही मराठीतून शिकलो, आणि अकरावीला शहापूरच्या कॉलेजात गेल्या गेल्या सगळं इंग्रजीत. दहावीच्या पुस्तकात 'क्षपण' होतं, ते तिथं रिडक्शन झालं. आधीच क्षपण म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं, त्यात त्याचं हे नवं नाव. ज्याला इलेक्ट्रॉन मिळतो त्याचं रिडक्शन. आता मला सांगा, ज्याला मिळालं त्याचं कमी कसं झालं? आणि दुसऱ्याचं ऑक्सिडेशन जो करतो त्याचं स्वतःचं मात्र रिडक्शन होतं म्हणे! मी हे सगळं देवाचं नाव घेतात तसं डोळे मिटून पाठ केलं. परीक्षेत एक ओळ सुटली आणि मागची पुढची सगळी माळ तुटली. बाकीच्या विषयांत पास, आणि केमिस्ट्रीत असं काही लिहिलं होतं की तपासणाऱ्याला माझी दयासुद्धा आली नसावी.

घरी कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाबा नुसते म्हणाले, "झालं ना तुझं सायन्स?" आमच्या एका लांबच्या नातेवाइकांनी किन्हवलीकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं, मुलगा चांगला, घर चांगलं, नाही म्हणायला कारण नव्हतं. कारण एकच होतं, मला लग्न करायचं नव्हतं. मला पांढरा कोट घालून लॅबमध्ये काम करायचं होतं. तो कोट मी तालुक्याच्या दवाखान्यात एका बाईच्या अंगावर पाहिला होता आणि तेव्हापासून डोक्यातून जात नव्हता. त्यासाठी बारावी सायन्स पास हवं होतं, आणि पाहुणे दसऱ्यानंतर विचारायला येणार होते.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आत्या आली. पायरीवर चप्पल काढता काढताच बाबांना म्हणाली, "दादा, ही पोर मला ऑक्टोबरपर्यंत दे."

"आन ऑक्टोबरला परत नापास झाली तर?"

"तर तू पावन्यांना हो सांग. मी आडवी येणार नाय. लग्नाला पुढं होऊन वाढीन."

मला तिचा असा राग आला! मला न विचारता माझं लग्न पणाला लावून ही बाई चहा पीत बसली होती. बशीत ओतून, फू फू करत.

तर मी मुरबाडला आले. आत्याच्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर एक तांब्याचा तांब्या होता, त्याच्याबद्दल आधी सांगते. तो माझ्या आईनं तिला लग्नात दिलेला. आई तेव्हा घरात नवी सून, हातात काही नाही, तरी माहेरून मिळालेल्या पैशातून तिनं नणंदेसाठी कल्याणहून तो आणवला होता. चांगला जड, गळ्याशी नक्षी. आणि आत्यानं त्याचं काय केलं होतं? उभी रेघ मारल्यासारखा अर्धाच घासायची. एक बाजू लख्ख, नवरीसारखी. दुसरी बाजू काळपट तपकिरी, तळाशी हिरवी झाक. दर रविवारी चिंच-मीठ घेऊन बसायची आणि तेवढीच बाजू घासायची, रेघेपलीकडे बोट जाऊ द्यायची नाही. आमच्याकडे बाईची पारख भांड्यांवरून होते. मांडणीवरचं तांबंपितळ आरशासारखं नसेल तर चार बायका कुजबुजतात. त्यामुळे आईला त्या तांब्याचा किती संताप असेल ते तुम्हीच समजा. मुरबाडला आली की तिची नजर आधी खिडकीत. "मास्तरीन झाली, पन एक तांब्या धड घासता येत नाय. मी दिल्याला हाय म्हनून असा ठेवलाय." आत्या हसायची. "वहिनी, हात नको लावू त्याला. माझा फळा हाय तो." फळ्याला तरी कुणी अर्धा पुसून ठेवतं का, असं आई वाटेत मला विचारायची, आणि एसटी सरळगाव ओलांडेपर्यंत तिचं तेच चालायचं.

मुरबाडला पहिले काही दिवस आत्यानं पुस्तक उघडूच दिलं नाही. मी दप्तर भरून नेलं होतं, गाइडं होती, कुणाकुणाच्या नोट्स मागून आणल्या होत्या. ती म्हणाली, "राहू दे ते. तांब्या घास. अर्धाच." मी धुसफुसत बसले. नापास झाले म्हणजे मोलकरीण झाले काय! पण भांडी घासण्यात मी आईच्या हाताखाली तयार झालेली, दोन मिनिटांत बाजू उजळून टाकली. आत्या समोर पाटावर बसली होती. विचारलं, "काळं कुठं गेलं?"

हे मला येत होतं. मी ताठ बसले. "काळं म्हणजे कॉपर ऑक्साइड. चिंचेनं त्याचं रिडक्शन केलं. परत तांबं झालं."

"बरं. म्हणजे जेवढं तांबं होतं तेवढं सगळं परत तांब्याला मिळालं?"

"हो."

"मग हे काय?" तिनं घासलेलं पाणी एका वाडग्यात धरलं होतं, ते माझ्यापुढं सरकवलं. चिंचेचा कोळ तर तपकिरी असतो. हे गढूळ हिरवट होतं. मी म्हटलं, घाण आहे. ती म्हणाली, "घाण हिरवी कशी गो?" मी वाडगा उजेडाकडे धरला. मग ती म्हणाली, आणि हे वाक्य तिच्या तोंडून पुढे मी शंभर वेळा ऐकलं, "चिंचेला फुकटचं श्रेय देऊ नको."

आमच्यातल्या कुठल्याही पोरीनं हीच चूक केली असती. लहानपणापासून आम्ही चिंचेनं काळ्याचं लाल होताना पाहतो. डोळ्यांना दिसतं की काळं परत तांबं झालं. मुंबईची मुलगी असती तर तिला काहीच सुचलं नसतं, म्हणजे चूकही झाली नसती. आत्या म्हणाली, तिच्या वर्गातली मुलं दर वर्षी हेच उत्तर देतात, आणि तेही अगदी छातीठोक. तिला म्हणे त्या उत्तराची वाट पाहायला आवडायचं.

मग तिनं घरातलं आणि शेजारचं जेवढं तांबं होतं ते सगळं माझ्याकडून घासून घेतलं. हंडा, कळशी, पलीकडच्या काकूंचं घंगाळ. सगळं हिरवट पाणी फडक्यातून गाळून एका चिनी मातीच्या बरणीत जमवलं. शेजारणी खूश, माझी बोटं चिंचेनं सुरकुतलेली. आणि एका संध्याकाळी तिनं मामांची कोयती राखेनं चांगली स्वच्छ केली, पातं त्या बरणीत बुडवलं आणि मला म्हणाली, "आता थांब."

"किती वेळ?"

"घाई तुला हाय, त्यांना नाय. सकाळपर्यंत थांब."

सकाळी उठून मी दात न घासता बरणीकडे गेले. कोयती बाहेर काढली तर पाणी लागलं होतं तिथपर्यंत पातं लाल! गंज नव्हे हो. गंज मला माहीत आहे, पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्याच लोखंडाला चढतो. हा लाल वेगळा, तांब्याच्या उजळ बाजूचा लाल, पातळ सायीसारखा पात्यावर बसलेला. बोटानं पुसला तर बोटाला आला. मी ओरडले, "आत्या, तांबं! अगं, तांबं आलं!" आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती. मागे वळलीसुद्धा नाही. पिठाच्या हातानंच भाकरी फिरवत म्हणाली, "कुठून आलं?"

"पाण्यातून."

"पाण्यात कुठून आलं?"

"तांब्यातून... घासलं तेव्हा गेलं होतं ते." मला बोलता बोलता उजेड पडत होता. "म्हणजे चिंचेनं काळ्याचं तांबं नाही केलं. चिंच ते काळं पाण्यात घेऊन गेली. तिथं तांबं इलेक्ट्रॉनवाचून तसंच बसलं होतं. त्याला इलेक्ट्रॉन दिले ते..."

"कोणी दिले?"

"कोयतीनं. लोखंडानं."

"आणि घेतले?"

"पाण्यातल्या तांब्यानं. हे खरं रिडक्शन!"

आता ती वळली. "आणि देणाऱ्याचं काय झालं?" मी कोयतीकडे पाहिलं. लाल पुसलं होतं तिथं लोखंड जरासं खरखरीत लागत होतं. त्यातलं थोडं पाण्यात गेलं होतं. देणाऱ्याचं ऑक्सिडेशन. दुसऱ्याला देऊन त्याचं रिडक्शन करणारा स्वतः ऑक्सिडाइझ होतो. दोन वर्षं हे वाक्य मी इंग्रजीत घोकत होते, आणि ते इथं कोयती होऊन माझ्या मुठीत उभं होतं.

"एकट्या नवऱ्याचं लग्न लागतं का कुठं?" आत्या म्हणाली. "देणारी बाजू हवी, घेणारी बाजू हवी. नुसतं ऑक्सिडेशन जगात कुठं होत नाय, नुसतं रिडक्शन होत नाय. प्रश्नपत्रिकेत कितीही वाकडं विचारू दे, आधी शोधायचं, देतंय कोण, घेतंय कोण. मग बाकीचं आपोआप सुटतं." आणि 'मिळालं तरी रिडक्शन कसं' या माझ्या जुन्या दुखण्याचंही तिनं तिथंच औषध केलं. इलेक्ट्रॉन हा ऋण भाराचा. तो पदरात पडला की भाराचा आकडा खाली उतरतो. मिळतं ते खरं, पण मिळतो तो उणा. इतकं साधं, आणि त्यासाठी मी रडत बसले होते.

तेवढ्यात मामा नारळ सोलायला कोयती शोधत आले. पातं बघून कपाळाला हात लावला. "ह्या दोघींनी माझी कोयती बाटवली! अगं, सोन्याची केली असती तर मी काय बोललो असतो का?" आत्या इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. त्या करपत्या भाकरीकडे बोट दाखवून तिनं मला विचारलं, "हिचं काय झालं?" मी म्हटलं, "तू आधी पलट गो ती!"

त्यानंतर पुस्तक उघडलं. आता त्यातली समीकरणं मला माणसांसारखी दिसायला लागली, हा देतोय, तो घेतोय, हा मध्ये उगाच लुडबुडतोय. मधल्या लुडबुडणाऱ्याला आम्ही 'चिंच' म्हणायचो. आजही लॅबमध्ये कुणी दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेऊन मिरवायला लागलं की माझ्या तोंडून निघतं, "चिंच आहे नुसती." कुणाला कळत नाही ते बरं.

ऑक्टोबरची परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी बाबा स्वतः कॉलेजात आले, गुणपत्रिका हातात घेतली, उलटी धरली, सुलटी केली, आणि केमिस्ट्रीच्या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. पाहुण्यांना त्यांनी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. एवढंच कळलं की त्या रविवारी ते एकटेच मुरबाडला गेले आणि बहिणीसाठी आटगावच्या बाजारातून घेतलेलं लुगडं ठेवून आले. आत्या लुगडं नेसायची बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिनं ते तसंच जपून ठेवलं. आणि मी कल्याणला लॅबचा कोर्स केला, पांढरा कोट घातला, पुढे माझ्या पसंतीनं लग्न करून आसनगावला राहायला आले. असं सगळं नीट झालं. कधीकधी नीट होतं हो.

आत्याला साखर निघाली ती माझ्याच लॅबमध्ये. ती शहापूरला आली होती, सहज म्हणाली, तहान फार लागते. आमच्याकडे तेव्हा पट्ट्या आल्या होत्या, पण लघवीतली साखर बघायचं ते जुनं निळं द्रावणही कपाटात होतं, आणि आत्यानं ते पाहिलं. "पट्टी नको. ह्यात कर. मला बघायचंय." लोक रिपोर्टला घाबरतात. ही स्टूल ओढून बर्नरजवळ बसली. मी नळी तापवायला घेतली, आणि निळ्याचं हिरवं व्हायला लागलं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता पक्कं विटकरी. विटकरी म्हणजे साखर किती, ते मला कळत होतं. आत्याचे डोळे मात्र लहान पोरीसारखे चमकत होते. "सांग, ह्यात तांबं कुठाय?"

"आत्या, तुला साखर आहे गं..."

"ते कळलं. तांबं कुठाय सांग."

मी डोळे पुसत सांगितलं की निळेपणा तांब्याचा. तापवल्यावर साखरेनं इलेक्ट्रॉन दिले, तांब्यानं घेतले, म्हणून विटकरी. "म्हणजे देणारी मी!" ती खूश होऊन म्हणाली. "बघ, म्हातारपणीसुद्धा माझ्यात देण्यासारखं काहीतरी हाय." मग बाहेर येऊन मामांना गंभीरपणे सांगितलं, "गूळ बंद." मामांनी तेव्हापासून गुळाचा डबा कुलपात ठेवला आणि शेवटच्या दुपारपर्यंत किल्ली दिली नाही. मी त्यांना समजावलं, मामा, तुम्ही किल्ली दिली नाहीत म्हणून ती इतकी वर्षं जगली. ते म्हणाले, "हिशोबानं बरोबर हाय गो. पन खडा तर एवढासाच व्हता."

आत्याच्या जलदान विधीला घर माणसांनी भरलं होतं. तिचे विद्यार्थी आले होते, काहींचे केस पिकलेले. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यातली एक बाई हिरड्यांची पुरचुंडी घेऊन आली. माझ्याजवळ बसून तिनं सांगितलं, "मी शालंत हुते तवा माजी बोटा हिरडं फोडून काली व्हायची. सगली पोरा चिडवायची, धुवत नाय म्हनून. एकदा बाईंनी मना म्होरं बोलावलं. मना वाटलं आता मारत्यात." मारायच्या ऐवजी आत्यानं तिची बोटं वर्गाला दाखवली आणि सांगितलं, ही घाण नाही, ही शाई आहे. हिरड्याच्या रसात कोयतीचं लोखंड उतरतं, हवा लागली की ते अजून इलेक्ट्रॉन देतं आणि काळं होतं. मग सगळ्यांना त्याच रसानं कागदावर नावं लिहायला लावली. आधी फिकी, आणि तास संपेपर्यंत काळीभोर. "मंग सगल्यांना काली बोटा पायजे झाली," ती बाई हसत म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

विधीसाठी पाणी ओतायला तांब्या हवा होता. बौद्धाचार्यांनी मागितला, आणि आईनं आतून आणून समोर ठेवला. तांब्या सगळा लख्ख होता. सगळीकडून. रेघ नव्हती, काळी बाजू नव्हती, फळाच पुसला होता. आईनं पहाटे उठून, रडत रडत, चिंच-मीठ लावून तो पुरा घासला होता. इतक्या वर्षांची तिची इच्छा. मला रागानं बोलायचं होतं, खरं सांगते, शब्द जिभेवर आला होता. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गिळून टाकला. ती माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "शेवटचं पानी तरी चांगल्या भांड्यानं मिळू दे तिला." तिच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं. त्या तांब्यातून मामांनी पाणी सोडलं, वाटी भरली, भरून वाहिली, आणि तांब्या उन्हात असा चमकत होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

निघताना मामांनी तो माझ्या पिशवीत घातला. "मला नको ह्यो. मला बघवत नाय. तुझा हाय."

आता तो आसनगावच्या माझ्या घरात, खिडकीत आहे. पहिल्या रविवारी मी चिंच घेऊन बसले आणि पंचाईत झाली. घासू काय? सगळंच उजळ. मग लक्षात आलं, काळी बाजू परत आणायला काहीच करावं लागत नाही. नुसतं तिला हात लावायचा नाही. हवा तिचं काम करते, तांबं देत राहतं. म्हणून मी अंदाजानं रेघ धरली आणि दर रविवारी एकच बाजू घासते. दुसरी हळूहळू मंद व्हायला लागली आहे, गळ्याच्या नक्षीत तर चांगली तपकिरी झाक आली आहे. आत्याला मी एकदा विचारलं होतं, सगळाच काळा का नाही ठेवत, किंवा सगळाच उजळ? ती म्हणाली होती, "एक बाजू घासली तरच दुसरीचं काय झालं ते कळतं ना."

गेल्या रविवारी आई आली होती. आई कधी मुक्कामाला राहत नाही. कोंबड्या आहेत, कोंबड्यांना कोण कोंडणार, असं म्हणत संध्याकाळी परत जाते. मी बाहेर कपडे वाळत घालत होते. आत आले तर आई खिडकीपाशी खाली बसलेली, मांडीवर तांब्या, हातात चिंच. पुन्हा?

जवळ जाऊन पाहिलं. आईनं डाव्या हाताचा अंगठा तांब्यावर उभा दाबून धरला होता, बरोबर रेघेवर. अंगठ्याच्या अलीकडचंच घासत होती. पलीकडे एक थेंबही जाऊ देत नव्हती. मला बघून म्हणाली, "ती बाजू ऱ्हाऊ दे. ती तिची हाय." मी शेजारी बसले. मग आईनं वाडग्यातलं घासलेलं पाणी उचललं आणि मोरीकडे न जाता माझ्यापुढं धरलं.

"हे टाकू नको म्हनायची ना ती? ह्यात काय दिसायचं तुमाला, मला कदी कळलं नाय. कोन देतं गो ह्यात, आन कोन घेतं?"

मी ते पाणी गाळून काचेच्या बरणीत ओतलं, एक लोखंडी खिळा राखेनं घासून त्यात सोडला. आई वाकून बघत होती, डोळे बारीक करून, अगदी जवळून.

"सकाळपर्यंत थांबावं लागतं, आई."

आईनं बरणीवरची नजर न काढता पिशवी बाजूला सारली. "मंग थांबते की," ती म्हणाली. "कोंबड्या कोंडंल कोनतरी."